गुळमुळीत उत्तरांचं टेबल

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "नोकरीतले अनुभव लिहाल का?" मी सवयीने म्हणालो, "बघू." आणि लगेच जीभ चावली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तोंडातला कारकून अजून कामावर आहे. मग मीच उलटा फोन केला आणि सांगितलं, "लिहितो. पंधरा दिवसांत देतो." त्यांना विशेष काही वाटलं नसेल. मला मात्र दोन ग्लास पाणी प्यावं लागलं.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात कारकून होतो. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापड रंगवायची पूड. आमचा कामगार कुठल्या विभागात आहे हे त्याच्या नखांवरून कळायचं. निळी नखं, लाल नखं, पिवळी नखं. मी कामाला लागलो तेव्हा सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं आणि वसाहतीत शेडपेक्षा गवत जास्त होतं. पुढे गवत गेलं, शेड वाढल्या आणि आमच्या गेटवर माणसं वाढली. दांडी, मुरब्याकडची कोळी मंडळी, पूर्वेच्या डोंगरातले वारली, उत्तरेकडून आलेले भय्ये. माझं टेबल दाराला लागून होतं, त्यामुळे जो आत येईल तो आधी माझ्यासमोर उभा राहायचा.

लोकांना वाटतं पर्सोनेलचा कारकून म्हणजे हजेरी आणि रजा. ते कागदावरचं काम. खरं काम उत्तर देण्याचं. नोकरी मिळेल का? रजा मंजूर झाली का? मला परमनंट कधी करणार? दिवसभर हेच प्रश्न. आणि या प्रश्नांना उत्तर न देता उत्तर द्यायचं, यात माझी हयात गेली.

पहिल्याच महिन्यात मी एका अर्जदाराला पत्र टाइप केलं होतं, 'आपणास नोकरी देता येणार नाही.' आमच्या साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि कागद शांतपणे फाडला. ते म्हणाले, "राऊत, 'नाही' लिहिलंत तर माणूस उद्या युनियनकडे जातो. 'हो' लिहिलंत तर परवा कोर्टात जातो. मधलं लिहा."

मधलं लिहायला मी इतक्या झपाट्याने शिकलो की वर्षभरात साहेब माझे मसुदे न वाचता सही करू लागले. 'तूर्तास', 'यथावकाश', 'योग्य वेळी', 'विचाराधीन'. 'तूर्तास' माझा लाडका. त्याच्या आधारावर वाटेल ते वाक्य उभं राहतं आणि कुणालाच काही कबूल करत नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. शेजारच्या कारखान्यातले कारकून माझ्याकडून पत्रं बघून घ्यायला यायचे.

अशा बोलण्याला मराठीत चांगला शब्द आहे, गुळमुळीत. आमच्याकडे त्याची सख्खी-चुलत भावंडंही पुष्कळ वापरात होती. उडवाउडवी हा उद्धट प्रकार, समोरच्याला तिथेच कळतं की आपल्याला हाकललं. टोलवाटोलवीला दोन टेबलं लागतात. थातूरमातूर उत्तर आळशी माणूस देतो. सारवासारव चूक झाल्यावर करायची असते. थाप तर सरळ खोटी, ती केव्हातरी पकडली जाते. गुळमुळीत या सगळ्यांहून वेगळं आहे. त्यात एकही शब्द खोटा नसतो. ऐकताना बरं वाटतं, माणूस समाधानाने घरी जातो आणि घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" की त्याला काही सांगता येत नाही.

सगळीच गिऱ्हाइकं सारखी नसत. आमचा एक बॉयलरवाला होता, रामसजीवन. गावी जायला रजा हवी म्हणून तो तीन आठवडे फेऱ्या मारत होता. मी म्हणालो, "अर्जी आगे भेजी है." तो टेबलावर वाकला, कागदांची सगळी टोपली पाहिली आणि म्हणाला, "आगे मतलब किधर, बाबूजी? टेबल के उस कोने पे?" अर्ज खरोखर त्याच कोपऱ्यात होता. सगळं ऑफिस हसलं, मीही हसलो, आणि त्या दिवशी त्याची रजा मंजूर झाली.

लखमाची गोष्ट हसण्याची नाही. डोंगरातला वारली, पाऊस संपून भात कापून झालं की कामाला यायचा. एकदा त्याला मी ऐकवलं, "सध्या भरती नाही असं नाही, पण निश्चित काही सांगता येत नाही, चौकशी करत राहा." तो माझ्या तोंडाकडे बघून ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, "तुमी नाय म्हनत नाय, म्हंजे नाय." आणि उठून गेला. परत कधी आला नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाने माझी सगळी विद्या पाच मिनिटांत ओळखली होती. मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

आता मथुराबाईंचं सांगतो. हे सगळं लिहायला बसलो तो त्यांच्यासाठीच.

मथुराबाई दांडीच्या. नवरा दामू आमच्याकडे टेंपररी होता, निळ्या रंगाच्या विभागात. टेंपररी माणसाचं आमच्याकडे असं होतं की सलग ठरावीक दिवस भरले तर कायद्याने त्याला हक्क मिळतो. म्हणून ते दिवस भरायच्या आत त्याला घरी बसवायचं. याला ब्रेक म्हणत. तीन-चार महिन्यांनी परत बोलवायचं, परत पहिल्यापासून मोजायचं. दामूचे असे तीन ब्रेक झाले होते. माणूस कामाला चोख, बोलायला कमी. बोलायचं काम मथुराबाईंकडे.

त्या पहिल्यांदा आल्या त्या आषाढात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, ताजी मासळी नसते, म्हणून सुक्या बोंबलांची पाटी घेऊन त्या बोईसरच्या बाजारात बसायच्या. ती पाटी घेऊनच त्या ऑफिसात शिरल्या. पाच मिनिटांत सगळ्या फायलींना वास लागला. साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "माझ्या भावाच्या बोटीवर एक मानूस कमी हाय. तो म्हनतो दामूला दे. तुमी याला कायम करनार असाल तर मी भावाला नाय सांगते. तुमच्याकडं काय हाय, ते सांगा."

मासेमारीच्या गावांतली रीत मला तेव्हा नीट ठाऊक नव्हती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडतात. कोण कुठल्या बोटीवर जाणार हे त्याच्या आधी ठरतं, तेही तोंडी. एकदा शब्द दिला की मोसम संपेपर्यंत कुणी मोडत नाही, आणि एकदा जागा भरली की भरली. सख्खा भाऊ असला तरी मागून आलेल्याला घेता येत नाही, कारण आधी शब्द दिलेल्या माणसाला उतरवायचं कसं?

मला रीत ठाऊक नव्हती, पण साहेबांना पूर्ण ठाऊक होती. दिवाळीच्या आधी आमच्याकडे मालाची मोठी घाई असायची. श्रावणात ही पोरं बोटींवर गेली तर निळा विभाग बंद पडणार. म्हणून त्यांनी मला आदल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "नारळी पौर्णिमा होऊन जाऊ दे. तोपर्यंत कुणाला नाराज करू नका."

मी मथुराबाईंना म्हणालो, "दामूचं नाव यादीत वर आहे."

ते खरं होतं. परमनंट करायच्या माणसांची यादी होती आणि दामूचं नाव दुसरं होतं. फक्त ती यादी पुढे सरकत नव्हती. कपाटात होती. हे मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या गावात ज्याला माणूस ठेवायचा नाही तो असं बोलतच नाही, मग विचारायचं सुचणार कसं? त्यांनी दोन बोंबील कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवले आणि घरी जाऊन भावाला नाही कळवलं.

गणपती झाले, दसरा झाला. मालाची घाई संपली आणि दामूला ब्रेक दिला. ब्रेकच्या कागदावर लिहिलं होतं, 'तूर्तास आपली आवश्यकता नाही.' मसुदा माझा.

बोटी केव्हाच भरल्या होत्या. गावात काम नाही. दामू वैतरणेच्या खाडीत रेती काढायला गेला. त्या वेळी रेती हातानेच निघायची. माणूस बादली घेऊन तळाशी बुडी मारतो, रेती भरतो, वर येतो, परत बुडी. दिवसभर हेच. समुद्रावरचा माणूस पोहण्यात कमी नसतो, पण तळाशी जाऊन काम करणं त्याच्या सवयीचं नाही. दोन महिन्यांत दामूच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. फेब्रुवारीत आम्ही त्याला परत बोलावलं तेव्हा हजेरीला नाव पुकारलं तरी तो ओ देईना. मला वाटलं, याला माज आला. मग त्याच्या बरोबरच्या एकाने सांगितलं, "राऊतभाऊ, त्या बाजूनं त्याला ऐकू येत नाय."

मी त्या बाजूला गेलो नाही. समोरून त्याच्याशी बोललो, "कसं काय, दामू?" तो हसला, म्हणाला, "बरं हाय." त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तेव्हापासून 'तूर्तास' टाइप करताना माझी बोटं अडखळायला लागली. नोकरी मात्र मी तशीच करत राहिलो, हे कबूल करतो.

पुढच्या आषाढात साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. या वर्षी एकही माणूस कायम करायचा नाही आणि सगळ्या टेंपररींना दसऱ्यानंतर ब्रेक, असं ठरलं. टिपणं घ्यायला मी होतो. बैठक संपल्यावर साहेब म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत नेहमीप्रमाणे, राऊत." मी मान डोलावली.

पौर्णिमेला आठ दिवस असताना गेटवरचा पहारेकरी आत आला आणि म्हणाला, "बाबूजी, मच्छीवाली आई है. कहती है, आपसे ही मिलना है."

मथुराबाई आल्या. पाटी खाली ठेवली. या वेळी खुर्चीवर बसल्या, मी बसा म्हणायच्या आधीच.

"भावानं यंदा पन जागा ठेवलीय," त्या म्हणाल्या. "शनवारपर्यंत शब्द द्यायचा हाय. एका कानाचा मानूस दुसरा कोन घेनार नाय, भाऊ घेतो. ही बोट गेली तर दामू परत खाडीत जाईल, नि दुसरा कान पन जाईल. म्हनून इचारते. याला कायम करनार हाय का नाय?"

मी सुरुवात केली, "मथुराबाई, त्याचं असं आहे…"

"त्याचं कसं बी असू दे. हाय का नाय?"

माझ्याकडे निदान सहा तयार वाक्यं होती. नाव यादीत वर आहे, हे त्या वर्षीही खरं होतं, उलट दुसऱ्यावरून पहिलं झालं होतं. साहेबांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आमच्या घरी दोन शिकणारी मुलं होती आणि मला हेडक्लार्क करायचं त्याच वर्षी चाललं होतं. हे सगळं एकदम डोक्यात आलं. मग मथुराबाईंच्या हातांकडे लक्ष गेलं. नवऱ्याचे कपडे धुऊन धुऊन त्यांचीही बोटं निळी झाली होती.

"नाय," मी म्हणालो. त्यांच्याच बोलीत आलं, कसं ते सांगता येणार नाही. "या वर्षी नाय. दसऱ्यानंतर ब्रेक देनार."

त्या ताठ बसल्या. "नि बाकीच्यांना? आमच्या गावचे, मुरब्याचे?"

इथे मात्र मी केबिनच्या अर्ध्या उघड्या दाराकडे पाहिलं. एकाला सांगणं वेगळं आणि सगळ्यांचं सांगणं वेगळं. पण अर्धं सांगायचं तर काहीच सांगायला नको होतं.

"कुणालाच कायम करनार नाय," मी म्हणालो. "सगळ्यांना ब्रेक हाय."

त्या उठल्या. पाटी डोक्यावर घेतली. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील, निदान भाऊ म्हणून हाक मारतील. दारात जाऊन त्या वळल्या.

"मग गेल्या साली का नाय सांगितलंत?"

रागाने विचारलं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं, आणि तोंडात आली ती सगळी जुनीच वाक्यं. परिस्थिती वेगळी होती, निर्णय झाला नव्हता, माझ्या हातात नव्हतं. मी तोंड मिटलं. त्या पाटी सावरून गेल्या.

शनिवारपर्यंत नऊ माणसांनी काम सोडलं. सगळी दांडी-मुरब्याची. निळा विभाग दोन पाळ्यांवरून एकावर आला. सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

यानंतर काय झालं ते आधीच सांगून टाकतो. हेडक्लार्क मी झालो नाही. मला गोदामात पाठवलं आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिलो. पिंपं मोजली, पोत्यांवर आकडे घातले. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर तेही गुळमुळीत होईल. वाटलं. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा हेडक्लार्क झाला, तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नाही. पण गोदामात एक सुख होतं. तिथे माणसं विचारायची, "अमुक माल आहे का?" आणि आहे किंवा नाही याच्या पलीकडे तिसरं उत्तर तिथे चालत नसे.

दामू त्या मोसमात मेव्हण्याच्या बोटीवर गेला आणि पुढे बोटीवरच राहिला. कारखान्यात तो परत आला नाही. नऊमधले चार पुढच्या वर्षी आले, त्यांना घेतलं. म्हणजे मी कुणाचा उद्धार केला असं नाही. त्यांना निवड करायच्या वेळी माहिती मिळाली, एवढंच झालं. तेवढं आधीच्या वर्षी झालं असतं तर एक कान वाचला असता.

तर सोमवारी साहेबांसमोर मी उभा होतो. साहेब माणूस वाईट नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. मला त्यांनीच घडवलं होतं आणि त्यांना मला घालवायचं नव्हतं.

"वरून खुलासा मागितलाय," ते म्हणाले. "आतली गोष्ट बाहेर कुणी सांगितली? मला ठाऊक आहे कुणी ते. ते सोडा. आता असं लिहा, 'संबंधितांशी झालेल्या अनौपचारिक संभाषणाच्या ओघात काही गैरसमज निर्माण झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' सही करा. मी वर सांभाळून घेतो."

वाक्य सुरेख होतं. ते माझंच होतं, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलं. कुणी केलं, काय केलं, कशाबद्दल, याचा कुठे पत्ता लागत नव्हता. साहेबांनी स्वतःचं पेन माझ्यापुढे केलं.

मी बाहेर येऊन टेबलाशी बसलो. टाइपरायटरला कागद लावला आणि पहिला शब्द 'संबंधितांशी' असा टाइपही केला. मग कागद ओढून काढला आणि दुसऱ्या कागदावर हाताने लिहिलं. आयुष्यातलं माझं सर्वांत लहान पत्र.

'दामूच्या पत्नीने विचारले. मला माहीत होते. मी सांगितले. मागच्या वर्षीही त्यांनी विचारले होते आणि मला माहीत होते. तेव्हा सांगितले नाही, कारण मी घाबरलो.'

खाली पूर्ण नाव, सही, तारीख.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. कागद फाडतील असं वाटलं, पण त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बोट खालच्या ओळींवर नेलं.

"मागच्या वर्षीचं कशाला लिहिलंत?" ते म्हणाले. "ते कुणी विचारलेलं नाही."

"विचारलंय, साहेब," मी म्हणालो. "तुम्ही नाही विचारलंत."